अडलेल्याला शब्द

"पॅरिस अजून किती लांब गं?"

पसरणीचा घाट चढताना बापूंनी विचारलं. ड्रायव्हर आरशातून हसला. म्हातारा विनोदी नट आहे, सवयीने बोलतोय, असं त्याला वाटलं असणार. मीही हसले, पण हसता हसता बापूंच्या हातावर हात ठेवला. ते गंमत करत होते की खरंच विचारत होते, ते मला सांगता आलं नसतं.

"आलंच," मी म्हटलं. "दोन वळणं."

"वळणं फार ठेवलीत हो," बापू म्हणाले आणि मांडीवरची हॅट दोन्ही हातांनी धरून बाहेर बघत बसले.

ती हॅट इन्स्पेक्टर बोनारची. राखाडी फेल्टची, आतली पट्टी घामाने आणि रंगाने काळी पडलेली. ‘मादाम, मुडदा कुणाचा?’ हे आमचं नाटक. मूळ फ्रेंच. सांगलीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ते मराठीत आणलं, पण पॅरिस तिथेच ठेवलं. त्यामुळे आम्ही सांगलीच्या एप्रिलमध्ये लोकरीचे कोट घालून ‘हुं, काय ही थंडी’ म्हणायचो. गोष्ट तशी सोपी. मादामच्या दिवाणखान्यात एक बँकवाला मरून पडतो आणि मादाम व तिची मोलकरीण दोघीही हट्टाने सांगतात, खून मीच केला. मादामला पेपरात फोटो हवा असतो. मोलकरणीने ऐकलेलं असतं की कोर्टातून सुटून आलेल्या पोरींना स्थळं चांगली येतात. मधल्या मध्ये इन्स्पेक्टरचं डोकं फिरतं.

इन्स्पेक्टर बापू मिठबावकर. मोलकरीण ओदिल म्हणजे मी, शालन इंगवले, शिक्षण सातवी. ‘मोस्यू’, म्हणजे फ्रेंचमधलं ‘साहेब’, म्हणायला मी प्राध्यापकांकडून नाही, बापूंकडून शिकले, आणि त्यांनी ते कुठून आणलं होतं देव जाणे.

आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर डोळ्यांनी अधू झाले, त्यांच्या जागी दुसरा कोणी आलाच नाही. तेव्हा बापूंनी नियम केला. समोरचा अडला की आपण शब्द द्यायचा, ओठ न हलवता. "आपण मेलेलो असलो तरी द्यायचा," ते म्हणायचे. "आणि ज्याला मिळाला त्याने मान हलवायची नाही, आभार मानायचे नाहीत. उचलायचा आणि पुढे जायचं. अडलेल्याला हसला तो माझ्या कंपनीत नको." माझ्या पहिल्या प्रयोगात मी तीनशे माणसांसमोर दगड झाले होते. त्या बाबाने रागाने माझ्यावर खेकसण्याचा अभिनय करता करता माझं आख्खं वाक्य मला दिलं. लोकांना काही कळलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि टाळी त्या रडण्याला पडली.

तर त्या नाटकाचा सिनेमा निघाला होता. करत होता निरंजन. नाटकात तो बेकरीतल्या पोऱ्याचं काम करायचा, दोन वाक्यांचं. नंतर मुंबईला जाऊन डायरेक्टर झाला. पोरगं मनाने चांगलं. जुन्या माणसांना मान म्हणून बोलवायचं त्याने ठरवलं. मला स्वयंपाकीणबाईचं काम दिलं, एप्रन, टोपी आणि एक वाक्य. इन्स्पेक्टर मालिकांमधला ऋत्विज नावाचा देखणा पोरगा. आणि बापूंना मुडदा.

आमच्या नाटकात मुडदा नव्हताच. सोफ्यामागून फक्त दोन बूट दिसायचे. बापूंचेच जुने बूट, आत चिंध्या कोंबलेले. नाटकाला बूट पुरले. सिनेमाला माणूस लागला.

"ताई, त्यांना वाईट वाटेल का?" निरंजनने फोनवर विचारलं होतं. "गुडघ्यांमुळे काम सोडलं म्हणतात ना? म्हणून म्हटलं, झोपून करायचं आहे."

गुडघ्यांमुळे, असं आम्हीच पसरवलं होतं. आम्ही म्हणजे बापूंच्या पत्नी माई आणि मी. मागच्या दिवाळीत बापू उटण्याच्या वाटीत दाढीचा ब्रश बुडवून बसले होते, तिथपासून सुरू झालं. मग एकदा शेजारच्यांच्या झोपाळ्यावर जाऊन बसले आणि त्यांच्याकडेच चहा मागितला. एका दुपारी खुद्द माईंना म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" एवढं सांगताना माईंचा आवाज हलला नाही, पण त्यांनी हातातली पोळी तव्यावरच जळू दिली.

"तू बरोबर असशील तर पाठवते," माई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी ह्यांना एवढंही जमायचं नाही. पण शालन, कुणाला कळता कामा नये. ज्या माणसाला लोकांनी वन्स मोर दिला, त्याच्याकडे बघून कुणी ‘अरेरे’ म्हणायचं नाही. आणि अर्ध्यातून परत पाठवायचं नाही. जमेल?"

मी हो म्हणाले. बापूंना मात्र एवढंच समजलं होतं की आपल्या नाटकाचा सिनेमा होतोय. म्हणून ते हॅट घेऊन निघाले. ती हॅट त्यांना लागणार नाही हे सांगायचं माझ्याकडे आलं होतं. म्हटलं, वाटेत सांगू. वाटेत कऱ्हाड गेलं, सातारा गेला, वाई गेली.

शूटिंग पाचगणीला होतं, एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यात. बाहेर स्ट्रॉबेरीचे मळे आणि आत एकोणीसशे पस्तीस सालचं पॅरिस. विजेची बटणं कागदाच्या फुलांखाली दडवलेली, खिडक्यांना मखमली पडदे, आणि मधोमध सोफा. सोफा बघून बापूंचं पाऊल एकदम तरुण झालं. त्यांनी हॅट घातली, हात मागे बांधले आणि खोलीला एक चक्कर मारली. जुन्या स्टेजवर मारायचे तशीच, चौथ्या पावलाला थांबून.

"जागा मोठी आहे," ते म्हणाले. "आवाज टाकायला लागेल."

मेकअपच्या खोलीत ऋत्विज आधीच कोट चढवून बसला होता. डोक्याला नवीकोरी राखाडी हॅट. त्याने उठून वाकून नमस्कार केला. "बापूसर, तुमचा बोनार मी यूट्यूबवर शंभरदा पाहिलाय. प्रेशर आलंय खरं सांगतो."

बापूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आरशात स्वतःकडे, मग माझ्याकडे.

"ओदिल," ते म्हणाले. मला ते वर्षानुवर्षं ओदिलच म्हणायचे. आता ते लाडाने म्हणतात की दुसरं नाव आठवत नाही म्हणून, ते विचारायचं मी सोडून दिलं होतं. "ओदिल, दोन इन्स्पेक्टर कसे?"

मेकअपवाला पोरगा पांढरा रंग कालवत थांबला. सगळे बघायला लागले. मला दुसरं काही सुचलं नाही. जे सुचलं ते कंपनीतलं.

"बापू, आज तालीम आहे," मी म्हटलं. "मुडद्याचं काम करणारा आलेला नाही. बदली पाहिजे. तुमचं पाठ आहे म्हणून या पोराला जरा उभं केलंय."

आमच्यात बदलीला कधी कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. हिरोने झाडू मारणाऱ्याची बदली केली आहे, मी एकदा गर्भार असताना घोडा झाले आहे. बापूंनी सुस्कारा टाकला, डोक्यावरची हॅट काढून माझ्या हातात दिली.

"कोण आला नाही?"

"तो... बूट."

"बूट आला नाही?" बापूंचे डोळे मिचमिचले. आणि मग ते असे हसले की मला माझे जुने बापू दिसले. "चला. कंपनीसाठी मरायचं तर मरू. पण चहा आधी."

तोंडाला पांढरं फासून घेताना ते लहान मुलासारखे डोळे मिटून बसले होते.

सीन मोठा होता. बापू सोफ्याजवळ गालिच्यावर आडवे. मादाम आणि मोलकरीण दोन्ही बाजूंना. मोलकरीण एक गोड मुलगी करत होती, माझ्यापेक्षा फार गोड. मी स्वयंपाकघराच्या दारात कलथा घेऊन उभी. ऋत्विजला इन्स्पेक्टरचं ते प्रसिद्ध भाषण म्हणायचं होतं, एका दमात. निरंजनला ते न तोडता हवं होतं.

"खोलीत मुडदा एक, खुनी दोन!" ऋत्विजने सुरुवात छान केली. "मादाम, आयुष्यभर मी पकडले ते ‘मी नाही, मी नाही’ म्हणणारे. ‘मीच, मीच’ म्हणणाऱ्यांना... म्हणणाऱ्यांना..."

तो अडला.

"पकडायचं कसं, हे पोलिसात शिकवत नाहीत," मुडदा म्हणाला.

ओठ हलले नाहीत. डोळे मिटलेले. क्षणभर कोणालाच कळलं नाही आवाज कुठून आला. मग सगळा सेट फुटला. लाइटवाले शिडीवर हसले, मादाम सोफ्यावर कोसळली. ऋत्विज हसून लाल झाला, खाली वाकून बापूंच्या पायाला हात लावला.

"वन मोर," निरंजन म्हणाला, हसू आवरत. "बापू, मेलायत तुम्ही."

"मेलो म्हणून काय झालं," बापू पडल्या पडल्या म्हणाले. "अडला होता."

मी मनाशी म्हटलं, निभतंय.

दुसऱ्या वेळी ऋत्विज पुढच्या वाक्याला अडला. खरं तर अडला नव्हता, नुसता श्वास घेत होता. मुडद्याने लगेच शब्द दिला.

"ही घ्या माझी हॅट. आजपासून मी पोलीस नाही. या घरात मला कुणी ओळखत नाही, आणि मीही मला ओळखेनासा झालोय."

पुन्हा हशा. सगळ्यांना वाटलं, म्हातारा नव्या पोराची फिरकी घेतोय. पण निरंजन हसला नाही. मीही नाही. ते वाक्य तिसऱ्या अंकातलं होतं.

आणि बापू थांबले नाहीत. "ही घ्या माझी हॅट," ते पुन्हा म्हणाले. मग डोळे उघडले. वर लटकणारे दिवे बघितले, वाकलेली तोंडं बघितली. "माझी हॅट कुठाय?" हे नाटकातलं नव्हतं.

"ब्रेक घेऊ," निरंजन म्हणाला.

मला त्याने मागच्या व्हरांड्यात नेलं. धुक्याने मळे पुसून टाकले होते.

"ताई, बापू तिसऱ्या अंकात गेले."

"हो."

"ते मुद्दाम करणार नाहीत. नाटकाच्या वाक्याशी बापू मस्करी करत नाहीत. मला एकदा ‘पाव’ऐवजी ‘ब्रेड’ म्हटलं म्हणून आठवडाभर बोलले नव्हते. कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंस?"

त्याने खिशातून सिगारेट काढली, पेटवली नाही. "मी डमी ठेवतो. रबराचे पाय नि धड आहे गाडीत. त्यांना गाडी करून देतो, मानाने."

"मानाने परत पाठवणं असं काही नसतं रे."

"आणि उद्या कुणी मोबाइलवर शूट करून टाकलं? ‘बघा, बोनारची काय अवस्था’? ते चालेल माईंना?"

मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. मी कलथा हातातच घेऊन आले होते, तो मी व्हरांड्याच्या कठड्यावर आपटत राहिले.

"एक टेक," मी म्हटलं. "एकच. पुन्हा बोलले तर मी स्वतः घेऊन जाते."

"आणि नाही बोलले तर?"

"नाही बोलले तर काय? मेलेला माणूस बोलत नाही. काम झालं."

परत गेले तर बापू गालिच्यावर तसेच पडलेले. मी शेजारी बसले. त्यांच्या पांढऱ्या कपाळावर घामाचे थेंब आले होते, ते पदराने टिपायला गेले तर पदर नव्हता, एप्रन होता.

"बापू, हा पोरगा आता अडणार नाही. त्याला सगळं येतं. शब्द द्यायचा नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी काय करू?"

"काही नाही. नुसतं पडा."

"नुसतं पडायचं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. असं मिटलेलं मला आवडलं नाही.

ऋत्विजने ते भाषण असं म्हटलं की लाइटवाल्यांनीही श्वास धरला. मुडदा हलला नाही. मध्ये एकदा ऋत्विज ‘मीच, मीच’वर किंचित थांबला, आणि मी बापूंच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली येताना बघितली. शब्द आला होता, त्यांनी गिळला. ते मी अजून विसरलेले नाही.

"कट! ओके!" टाळ्या पडल्या. माणसं वायरी गुंडाळायला लागली.

बापू उठले नाहीत.

"बापू, झालं," निरंजन म्हणाला. "उठा."

काही नाही. छाती वर-खाली होत होती, डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. ऋत्विजने हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे भांडं बघावं तसं बघितलं.

प्रॉडक्शनचे आबा पोवार नारळ घेऊन आले. कोल्हापूरच्या स्टुडिओत उमेदवारी केलेला माणूस, पांढऱ्या मिशा. "डायरेक्टरसाहेब, कॅमेरा बंद करू नगा," ते म्हणाले. "मेल्यालं माणूस तसंच ठेवून जायाचं नसतंय. नारळ फोडायचा आन् त्येंचा एक हसरा शॉट घ्यायचा. त्याबिगर पॅकअप न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

"आबा, ते..."

"चालत न्हाई," आबांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. "हसा हो बापू. यकदाच. हसा नि उठा."

"बापू, स्माइल!" शिडीवरून कोणीतरी ओरडलं. "बापू! ओ बापू!" प्रत्येकजण हाक मारत होता आणि ते नाव त्यांच्यावरून पावसाळी कोटावरून पाणी जावं तसं निघून जात होतं. दोघातिघांच्या चेहऱ्यावर मला ते दिसायला लागलं. ते माईंचं ‘अरेरे’. अजून तोंडातून आलं नव्हतं, ओठांपर्यंत आलं होतं.

त्यांची जुनी हॅट माझ्या एप्रनच्या खिशात घडी घालून होती. मी ती काढली, झटकली आणि कॅमेऱ्यासमोर गेले. बापूंच्या पायाशी उभी राहिले, टाचा जुळवल्या, आणि पहिल्या अंकातलं माझं पहिलं वाक्य टाकलं. आवाज टाकायला लागेल, असं त्यांनीच म्हटलं होतं.

"इन्स्पेक्टर आले वाटतं! बरं झालं, मोस्यू. मुडदा केव्हाचा वाट बघतोय."

बापूंनी मान वळवली. हॅट बघितली. उठून बसले, गुडघ्यांनी कुरकुर केली तिला दाद न देता उभे राहिले, हॅट घेतली, डोक्यावर चढवली. मागे हात. चार पावलं. थांबले.

"नाव?"

"कुणाचं, मोस्यू? माझं की मेलेल्याचं?"

"जो जिवंत आहे त्याचं आधी."

कोणीतरी हसलं. मागे निरंजन कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. कॅमेरा चालूच होता.

"ओदिल, मोस्यू."

"पूर्ण नाव?"

"गरिबाला पूर्ण नाव परवडत नाही, मोस्यू."

इथे इन्स्पेक्टरने वहीत लिहायचं असतं आणि मादामकडे वळायचं असतं. बापूंनी हवेतल्या वहीत लिहिलं. वळले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. पांढरा फासलेला चेहरा, हॅटखाली ते दोन डोळे, आणि त्या डोळ्यांत आता कोणीतरी होतं. खूप घाबरलेलं.

"आणि माझं?" त्यांनी विचारलं.

सेटवर जो हशा पिकला तो विचारू नका. इन्स्पेक्टर आपलंच नाव विचारतो, आणि तेही मोलकरणीला! मादामने टाळी वाजवली. माझ्या तोंडातून शब्द निघेना. हशा ओसरला तरी निघेना. ते अडले होते आणि शब्द माझ्याकडे होता. ‘इन्स्पेक्टर बोनार’ म्हटलं असतं तरी निभलं असतं. पण त्यांनी बोनारचं नव्हतं विचारलं.

"तुमचं, मोस्यू?" मी म्हटलं. "तुमचं तर आख्ख्या पॅरिसला ठाऊक आहे. रघुनाथ शिवराम मिठबावकर. मुक्काम पोस्ट देवगड."

पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. बापूंनी मान हलवली नाही. आभार मानले नाहीत. त्यांनी तो शब्द उचलला, हॅट दोन बोटांनी किंचित वर केली आणि हसले.

"घावला," आबा पोवार म्हणाले. "हसरा शॉट घावला. करा पॅकअप."

सिनेमा पुढच्या हिवाळ्यात लागला. तोपर्यंत बापू फार लांब गेले होते. जेवताना घास कुठे न्यायचा ते माईंना दाखवावं लागे. पण माई म्हणाल्या, न्यायचंच. सांगलीतला दुपारचा खेळ, गर्दी बेताची. एका बाजूला माई, एका बाजूला मी, मध्ये मफलर गुंडाळलेले बापू. त्यांनी सिनेमा बघितला की नुसता उजेड बघितला, मला माहीत नाही. हसले एकदाही नाहीत.

शेवटी नावं यायला लागली, लोक उठायला लागले, तेव्हा निरंजनने तो शॉट टाकला होता. मेलेला बँकवाला उठतो, हॅट घालतो आणि स्वयंपाकीणबाईची जबानी घेतो. लोक परत बसले. "आणि माझं?" पडद्यावरच्या बापूंनी विचारलं आणि थेटर हसलं. पडद्यावरची मी गप्प उभी. ते गप्प राहणं निरंजनने कापलं नव्हतं. हसू यायला वेळ मिळतो म्हणून ठेवलं असेल. फार वेळ मी नुसती उभी होते.

अंधारात माझं मनगट कोणीतरी धरलं. गार, हाडकुळी बोटं. बापू समोरच बघत होते, चेहऱ्यावर काहीच नव्हतं आणि ओठ मिटल्यासारखेच होते.

"रघुनाथ शिवराम मिठबावकर," त्यांनी मला हळूच शब्द दिला. "मुक्काम पोस्ट देवगड."

मी मान हलवली नाही.